मुखरूच्या डब्यानं कुणालाही मारलं नाही

ढिवर मोहल्ल्यातल्या मुखरूवर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे माणूस गेला की चार दिवसांत सगळं पुसलं जातं आणि 'त्याचं भरलं होतं' एवढंच उरतं. यंदाच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी, दुपार कलल्यावर, ओटा नुकताच सारवून त्यावर सडा टाकलेला असताना, पाहुण्यांची जीप तळ्याच्या बांधावर, पाळीवर, दिसली त्या वेळी झाला. त्याच संध्याकाळी दुसऱ्यांदा झाला. मुखरूला अजून घरी नेलं नव्हतं, आणि मंडपवाले वामनराव चारचौघांत म्हणाले, "पोट्ट्यानं सोताच्या हातचा डबा लावला. डब्यानंच मारलं त्याले." गावानं मान डोलावली.

मुखरू, एवढं लोकांसाठी लिहिलं. पत्रकं लिहून लिहून सवय झाली आहे, कोण, कधी, कुठं ते आधी ठोकून द्यायचं. आता तुझ्याशी बोलतो. तू असतास तर म्हणाला असतास, "मायावर बी परचा काढला काय बे? मेल्यावर बी सभा घेशीन?" घेतो. आता तू काही मला अडवू शकत नाहीस.

मला तू पहिला आठवतोस तो मूल गावच्या बाजारात, कुंभारणीच्या मडक्यात तोंड घालून बसलेला. वामनरावांच्या लाऊडस्पीकरच्या कामावर तू लागला होतास. भोंगे झाडाला बांधायचे, डायनामोचं इंजिन फिरवायचं आणि लग्नाच्या पंगती उठेपर्यंत गिटार वाजवायची. ती गिटार तू नागपूरच्या एका म्हाताऱ्या बँडवाल्याकडून आणली होतीस. मांडीवर आडवी निजवायची आणि तारांवरून लोखंडाचा गुळगुळीत तुकडा सरकवायचा, अशी तिची जात. तारांखाली तू जुन्या हेडफोनमधलं चुंबक बसवलं होतंस, म्हणजे आवाज वायरीतून वामनरावांच्या आवाज वाढवायच्या मशीनमध्ये आणि मशीनमधून भोंग्यात जाई. बायका हात थांबवून म्हणत, "हे लाकूड रडते व माय!"

पण भोंगा मध्येच शिट्टी मारायचा. कानाचे पडदे फाटतील अशी. लोक कान झाकायचे, पोरं खिदळायची, आणि वामनराव धावत येऊन मशीनचा आवाज पार खाली ओढायचे. तुझं गाणं तिथंच मरायचं.

त्या दिवशी बाजारात कुंभारीण तुझ्यावर खेकसत होती. "ओ पोट्ट्या, मडकं घ्यायचं हाय का त्याच्यात जीव द्यायचा हाय?"

"घेतो ना बाई. आवाज पाहून राह्यलो."

"मडक्याचा आवाज बोटानं पाह्यतेत. तोंडानं नाई!"

तू मला हात केलास. "ओ परचेवाले, इथी ये. याच्यात तोंड घाल न हळू उं कर. आता वर ने. आणखी. आणखी... थांब!"

मडकं माझ्या गालाशी थरथरलं. आत कुणीतरी जागं होऊन माझ्याच आवाजात ओ देत असल्यासारखं. सूर जरा हलवला की ते पुन्हा मुकं. मग तू दुसरं मडकं दिलंस, ते वेगळ्याच सुरावर बोललं. कुंभारीण आता हसत होती. म्हणाली, "दोघंबी येडे हायेत, घरचे कसे सोडतेत बाजारात?"

"पाह्यलं?" तू म्हणालास. "हरेक मडक्याचा एक सूर हाय. तसाच हरेक जागेचा राह्यते. पाळीवर एक, टिनाच्या मंडपात दुसरा. भोंग्याले तो सूर भेटला का पिसाळते. मले त्या एकाच सुराचं नरडं दाबायचं हाय. बाकीच्याले हात नाई लावायचा."

"वामनराव आवाज कमी करतात, तेव्हा थांबते की शिट्टी."

"गाणं बी थांबते ना! एका उंदरापायी धानाची ढोली जाळतं काय तू?"

मी म्हणालो, मी जाळीन, पुन्हा उंदीर यायला नको. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "तूच जाळशीन. मले मालूम हाय."

आपलं सगळं भांडण त्या एका वाक्यात होतं, मुखरू. ते मिटलं नाही. आता मी दोन्हीकडून एकटाच भांडतो.

डबा करायला तू पावसाळाभर बसलास. तुझ्या घराच्या पडवीत, वर जाळी टांगलेली, खाली मोडक्या रेडिओंची हाडं. रेडिओतले कंडेन्सर काढून तू ते एकेक करून गिटारीला जोडून ऐकायचास. सागाच्या फळ्यांची पेटी, तिला तीन बटणं. पहिलं, कोणता सूर धरायचा त्याचं. दुसरं, तो किती दाबायचा त्याचं. तिसऱ्यावर तुझं फार प्रेम होतं. "हे म्हंजे जाळ्याचा डोळा," तू सांगायचास. "बारीक केला का तेवढा एकच सूर सापडते. मोठा केला का त्याचे भाऊबंद बी येतेत." तांब्याच्या वायरीची गुंडाळी आणि कंडेन्सर यांचं एका सुरावर जमतं आणि दोघं मिळून तो सूर गिळतात, एवढं मला कळलं. त्यातलं किती बरोबर ते सांगायला आता तू नाहीस.

दोन्ही हात गिटारीवर, म्हणून डबा पायानं चालवायचा होता. घरची मोडकी ढेकी होती, धान कांडायची. तिच्या दांड्याचा तुकडा कापून तू पायाखाली बसवलास. दाबला की डबा कामाला लागे, सोडला की बाजूला होई. पहिल्यांदा मोहल्ल्यात वाजवलंस तेव्हा म्हातारे विचारत होते, "मुखरू, गाणं म्हणून राह्यला का धान कांडून राह्यला?" तू म्हणालास, "कोंडा काढून राह्यलो, बावाजी."

आणि त्याआधीचं ते गाठीचं प्रकरण. गुंडाळीची वायर तू जळक्या ट्रान्सफॉर्मरातून सोडवली होतीस, केसाहून बारीक. तुझ्या हातानं ती सारखी तुटायची, कारण तुझ्यात धीर नव्हता. गावाला आता तू गरीब गाय वाटतोस. मला माहीत आहे तू किती शिव्या द्यायचास. शेवटी पार्बतामावशीनं, तुझ्या मायनं, ती तुझ्या हातातून ओढून घेतली. जाळ्याची बांबूची सुई सुतळीनं भरतात तशी तिनं ती कांडीवर भरली, नजर तळ्याकडे आणि बोटं आपापली चाललेली. मोहल्ल्यात तिच्यासारखं जाळं कुणी विणत नाही. संध्याकाळच्या आत गुंडाळी तुझ्या हातात. तू जोडलीस. डबा ठार मुका.

मग तू सगळ्यांवर संशय घेतलास. कंडेन्सर कुजका आहे. बटण खोटं आहे. मी पडवीत विडी ओढतो म्हणून दमटपणा लागतो. मी विडी ओढत नाही हे तुला ठाऊक होतं. शेवटी तू दातओठ खात ती सगळी गुंडाळी उलटी सोडायला लागलास आणि मध्यावर थांबलास.

"माय! तू गाठ मारली याच्यात?"

"मंग? तुटली तं काय तशीच सोडू?"

"वायरीले गाठ मारतेत काय व!"

"माया गाठीतून आजलोक मरळ सुटली नाई," ती उखडून म्हणाली. "ओढून पाह्य. सुटली तं माय म्हणू नको."

तू ओढून पाहिलीस. सुटली नाही. वायरीवर लाखेसारखा पातळ थर असतो, त्याच्यामुळं दोन टोकं एकमेकांना गच्च मिठी मारून बसली होती आणि तरी एकमेकांना लागत नव्हती. "मरळ नाई सुटली," तू जमिनीवर लोळत म्हणालास, "पर बिजली बी नाई गेली ना माय!" ती आधी रागावली, मग पदर तोंडाला लावून हसली. मी तिला इतकं हसताना तेव्हा एकदाच पाहिलं. तू टोकं खरडून डाख दिलास आणि गाठ तशीच ठेवलीस. म्हणालास, "राहू दे. मायची सही हाय."

डबा चालला. आवाज मोठा करणं त्याच्या गावीच नव्हतं, तो फक्त नको ते काढून घ्यायचा. हे मला तळ्याच्या सभेत कळलं. मालगुजारी गेली, तळं सरकारचं झालं, आणि सरकारनं ते ठेकेदाराला देऊन टाकलं. ज्यांच्या आजोबापणजोबांनी त्या पाण्यात जाळी टाकली त्यांनी आता काठावर बसून बघायचं. मी पत्रकं काढली, सभा लावली. वामनरावांची नजर चुकवून तू मशीन आणलीस. मी नेहमीसारखा बोललो, म्हणजे ओरडलो. शिट्टी एकदाही वाजली नाही. सभा झाल्यावर बायका माझ्याशी येऊन बोलल्या, कुठं सही करायची, कुठं अंगठा द्यायचा ते विचारू लागल्या. आधी असं कधी झालं नव्हतं. मी फुगलो.

भोंगा सोडता सोडता तू म्हणालास, "तुया आवाजातलं बी थोडं काढलं मी."

"काय काढलंस?"

"ते वरचं. करवतीसारखं. लोकायले पहिल्यांदा समजलं तू काय म्हणून राह्यला ते."

"अन्यायाविरुद्ध हळू बोलायचं काय?"

"हळू कोणं म्हणलं? सारंच मोठं केलं का सारंच शिट्टी होते, गा."

मी त्या दिवशी तुझ्याशी बोललो नाही. तू माझ्या पिशवीतली उरलेली पत्रकं काढून चिवड्याचे पुडे बांधलेस आणि मोहल्ल्यात वाटलेस. "आता वाचतीन," म्हणालास. "तेल लागल्यावर अक्षर चमकते."

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. धान कापून झाल्यावरची दुपार होती. तू पाळीवर बसून बायकांची लग्नातली गाणी वाजवत होतास, भोंगा पाण्याकडे तोंड करून. कपडे धुणाऱ्या बायांचे हात थांबले. पलीकडच्या काठावर गुराखी उठून उभा राहिला. तुझा सूर पाण्यावरून पार जंगलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथून परत आला तेव्हा जरा म्हातारा झाला होता. मी पत्रकांच्या घड्या घालत होतो. तू विचारलंस, "कसं हाय?" मी म्हणालो, "याच्यानं ठेका सुटणार आहे का?" तू हसलास आणि पुन्हा वाजवायला लागलास. मुखरू, त्या दुपारी माझ्या घड्या सगळ्या वाकड्या पडल्या होत्या. एवढंच.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

वामनरावांची मशीन चावायची. त्यांच्याकडं काम करणारा प्रत्येक जण हे जाणत होता. पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या खांद्यापर्यंत. तू त्यांना सांगितलंस, माझ्यासमोर सांगितलंस, "वामनभाऊ, आतली वायर पत्र्याले लागून राह्यली. एकडाव उघडून दुरुस्त करू. आन पत्र्यापासून एक तार काढून जमिनीत गाडू, लोखंडाच्या कांबीले बांधून. बिजली जाईन तं मातीत जाईन."

वामनराव म्हणाले, "मशीन मायी का तुयी?"

"तुमची."

"मंग तुले चावते तं पाटावर बस."

तू पाटावर बसू लागलास. सागाचा कोरडा पाट, गिटारीबरोबर घेऊन फिरायचास, नवरदेवासारखा. मी म्हणालो, मी याच्यावर पत्रक काढतो, नावानिशी. तू माझा हात धरलास. "नको. परचा काढशीन तं कामबी जाईन न भोंगाबी जाईन. मंग मी गिटार काय तळ्यात पोहायला शिकवू? पाट हाय ना. भागते." मी म्हणालो, भागत नाही. तू म्हणालास, भागते. किती दिवस हे चाललं. मी तुझं ऐकलं, कारण पोट तुझं होतं आणि गिटार तुझी होती. पण त्या 'भागते'साठी मी तुझ्यावर अजून रागावलेलो आहे. तुला मेल्याला कसं रागवायचं ते मला येत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन थांबतो.

मंडईच्या दिवशी चांद्याहून सरकारी पाहुणे येणार होते. म्हणून बायकांनी दुपारी ओटा नव्यानं शेणानं सारवला, वर सडा टाकला, रांगोळी काढली. मातीचा ओटा, पाणी प्यायलेला. खाली शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, लाई-फुटाण्यांची दुकानं, बैल धुऊन आणलेले, पोरांच्या पिपाण्या. वामनरावांनी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या तर खुर्च्यांचे पाय सारवणात रुतू लागले. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, आणि त्यांना तुझा पाट दिसला.

"उठ गा. पाट दे."

तू दिलास. तो मधल्या खुर्चीखाली गेला. मी खुर्च्यांच्या मागं पत्रकं घेऊन उभा होतो, ठेकेदाराविरुद्धची, पाहुण्यांच्या हातात द्यायला. सगळं ऐकलं.

"वामनभाऊ, मशीन सकायपासून लय चावून राह्यली. बसाले कायतरी द्या मले."

"चावते म्हंजे? कुत्रं होय काय ते?" वामनराव म्हणाले. "पाव्हणे खुर्चीवर बसेपर्यंत वाजव, मंग ऊठ. नवरीवानी नखरे करून राह्यला."

आजूबाजूचे हसले. तूही हसलास. मुखरू, तू हसलास ते मला सहन होत नाही.

तू ओल्या ओट्यावर बसलास. गिटार मांडीवर, उजवा पाय ढेकीच्या तुकड्यावर, डावा तसाच शेणाच्या ओलीत. जीप पाळीवरून खाली उतरली. तू सुरुवात केलीस. भोंग्यानं एकदा शिट्टी मारली. तू पाय दाबलास, शिट्टी गेली. तुझ्या डब्यानं त्या दिवशीही आपलं काम चोख केलं, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. मग तू तारेवरून लोखंड वर वर नेलंस आणि एक सूर धरलास. तो तिथंच राहिला. लांबला. माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "वा गा मुखरू!" आम्हा सगळ्यांना वाटलं तू पाहुण्यांसाठी ताणतो आहेस. मग मला तुझी मागं ताठलेली मान दिसली.

मी इंजिनाकडं धावलो. इंजिन बंद झालं, सूर पडला, आणि तू पडलास. जीप ओट्यापाशी आली, थांबली, आणि वळून गेली. वामनरावांनी मशीन आणि भोंगे बैलगाडीत घातले आणि अंधार पडायच्या आत आपल्या गावी नेले. डबा ओट्यावर राहिला. त्याला कुणी हात लावेना. आया पोरांना ओढून नेत होत्या. एक म्हणाला, तळ्यात फेका. दुसरा म्हणाला, "तळ्यात नको गा, मासे मरतीन." मी तो उचलला आणि काखेत मारून तुझ्या मागं मागं घरी आलो.

डब्यात बिजली नाही, मुखरू. हे तुला सांगायला नको. त्याच्यात वायर आहे, कंडेन्सर आहेत, तीन बटणं आहेत. मशीनची वायर सुटली की तो ओसरीवरच्या पेटीहून वेगळा नाही. बिजली मशीनच्या पत्र्यातून आली, वायरीवाटे गिटारीच्या तारांत गेली, तुझ्या हातातल्या लोखंडात गेली, आणि तुझ्यातून ओल्या मातीत उतरली. डबा मध्ये नसता तरी वायर तीच होती आणि ओटाही तोच होता. पण 'मशीन नादुरुस्त होती' म्हटलं की एका माणसाला जाब विचारावा लागतो. 'डब्यानं मारलं' म्हटलं की कुणालाच विचारावं लागत नाही. मेलेला ढिवर, त्याची स्वतःची करणी. "जाळं सोडून बिजलीशी खेळ केला पोट्ट्यानं," असं मूलच्या बाजारात मी माझ्या कानानं ऐकलं. ज्या बायका तुझ्या गाण्यावर हात थांबवायच्या, त्यांच्यातल्याही काही हे म्हणतात.

हे तुझ्या मायच्या कानावर गेलं.

मग एका दुपारी गेलो तर ती दारात बसलेली. मांडीवर अर्धं जाळं, सुई भरलेली, हात नुसते ठेवलेले. मला म्हणाली, "बाबू, त्या वायरीची गुंडाळी मीच भरली होती ना?"

"हो मावशी."

"गाठबी मीच मारली होती."

ती पुढं काय विचारणार ते मला समजलं.

"माया गाठीनंच गेलं ना मायं लेकरू?"

मी डबा आणला. तिच्यासमोर उघडला. गुंडाळी दाखवली, डाख दाखवला, दोन्ही टोकांना बोटं लावून दाखवली. तिचं बोट धरून लावलं. "पाहा मावशी, काही नाही याच्यात."

"आता नाई. तवा होती ना?"

"तेव्हा मशीनची होती. मशीन नादुरुस्त होती. ओटा ओला होता. त्याचा पाट काढून नेला होता." माझा आवाज चढत गेला. सभेत चढतो तसा. तिनं कानावर हात ठेवला. माझ्या आवाजातलं करवतीसारखं काढून घ्यायला तिथं कुणी नव्हतं. मी गप्प झालो आणि पुन्हा हळू सांगितलं, अगदी हळू.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू त्याचा दोस्त. माया जिवाले बरं वाटावं म्हणून सांगून राह्यला. सारं गाव खोटं बोलन काय, बाबू?" आणि सुई जाळ्यात तशीच अडकवून म्हणाली, "या हातानं आता गाठ मारत नाई मी."

तेव्हापासून तिनं गाठ मारलेली नाही. जाळं पडवीत तसंच टांगलेलं आहे, अर्धं. लोक नवीन जाळ्यासाठी येतात आणि ती त्यांना दुसऱ्या घरी पाठवते.

मुखरू, तू गेल्यापासून सभा होतात. भोंगा शिट्टी मारतो, लोक कान झाकतात, मी शिट्टीवरून ओरडतो. आता मला परचेवाला कुणी म्हणत नाही. भाऊ म्हणतात. मान देतात. पत्रकात चिवडा बांधत नाहीत. तुझी गिटार मावशीनं घोंगडीत गुंडाळून वर ठेवली आहे. मी मागितली नाही. तुझा उपकार असा की माझं एक भाषण लोकांना नीट समजलं, आणि मला कळलं की ते समजू शकतं. त्याचं काय करायचं ते सांगायला तू थांबायला हवं होतंस. मी पाळीवरून येतो जातो. तिथं बसत नाही.

मी एकट्यानं सांगून मावशीला पटणार नाही. तिचं बरोबर आहे, मी तुझा दोस्त आहे. आणि ती 'सारं गाव' म्हणाली. म्हणून आता गावाशी बोलतो.

हे वाचणाऱ्यांनो, आणि ज्यांना वाचून दाखवलं जात आहे त्यांनो, तुम्ही मंडईत होता. ओट्याच्या भोवती उभे होता. मुखरूनं बसायला काहीतरी मागितलं ते तुम्ही ऐकलं. वामनरावांचं उत्तर ऐकलं, आणि तुमच्यातले काही हसले. मी हसणाऱ्यांची नावं छापत नाही. मला ती नकोत. मला तुमची साक्ष हवी आहे, आणि ती कचेरीत नको, तिथं मी एकटा जाईन. येत्या बाजाराच्या दिवशी मूलची वाट धरण्याआधी ढिवर मोहल्ल्यात या. एकेकटे या, घोळक्यानं या, तोंड लपवून आलात तरी या. पार्बताबाईच्या दारात उभे राहा आणि तिला नीट ऐकू येईल असं, न ओरडता, सांगा: तुझ्या लेकानं बसायला काहीतरी मागितलं होतं, आणि त्याचा पाट कुणाच्या खुर्चीखाली होता ते आम्ही पाहिलं.